विनापरवाना डोंगर

सरळ रेघ दिसली की टेपसाहेबांना माणसाचा संशय येई, आणि माणसाचा संशय आला की त्याच्याकडे परवाना नसणार याची खात्रीच वाटे. अनधिकृत बांधकामं शोधण्याच्या नोकरीत त्यांची उभी हयात गेली होती. पोलादी टेप खिशात नसली तर त्यांना उघडं पडल्यासारखं वाटायचं. लग्नाच्या फोटोत कोटाचा उजवा खिसा फुगलेला दिसतो तो तिच्यामुळेच. खातं त्यांना टेपसाहेब म्हणे, शेजारीपाजारी टेपसाहेब म्हणत, आणि सासरेबुवा तोंडावर जावईबापू म्हणत असले तरी पाठीमागे काय म्हणतात, हे बायकोने लग्नानंतरच्या पहिल्याच भांडणात सांगून टाकलं होतं.

खरं तर अशा माणसाने सहलीला जाऊच नये. पण बायकोला गावाच्या टोकाचं राष्ट्रीय उद्यान बघायचं होतं. लोक कुठून कुठून येतात आणि आपण हाकेच्या अंतरावर राहून अजून ज्वालामुखी पाहिला नाही, असं तिचं म्हणणं.

"तो विझलेला आहे," टेपसाहेब म्हणाले.

"पेटलेला असता तर नेलं असतंत का?" बायकोने विचारलं.

रविवारी टेपसाहेब टेप खिशात घालून निघाले. सासरेबुवा मुक्कामाला होते, त्यांनाही बरोबर घ्यावं लागलं. सासरेबुवा निवृत्त पोस्टमास्तर. जगात प्रत्येक गोष्ट उशिरा पोचते आणि बहुतेक वेळा ती जावयामुळे, असं त्यांचं साधारण मत होतं.

उद्यानात शिरल्यापासून टेपसाहेबांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. डोंगराच्या माथ्यावर हे एवढं विवर, त्यात निळंशार तळं. बायको कठड्याला टेकून बघतच राहिली, आणि टेपसाहेबांनी वाकून कठड्याची उंची घेतली. ती कमी भरली. पुढे खडकातून गरम पाणी बुडबुडत होतं, वाफा निघत होत्या, गंधकाचा वास नाकात जात होता. टेपसाहेब म्हणाले, "गळती आहे." रस्त्यासाठी डोंगर कापला होता तिथे राखेचे थर दिसत होते, करडा, तांबूस, परत करडा, प्रत्येक उद्रेकाचा वेगळा. त्यांनी नखाने थोडी राख खरवडली, चिमटीत चोळून पाहिली आणि "सिमेंट कमी टाकलंय" असा शेरा मारला. बायकोने तोवर त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं.

मग वळण आलं आणि समोर तो कडा उभा राहिला.

हे जरा नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कोणाला पटायचं नाही. ओढ्याच्या काठाने काळ्या दगडाचे उभे खांब होते, एकाला एक चिकटून, पार नजर पोचेल तिथपर्यंत. दिसेल त्याला सहा बाजू. कोपरे असे धारदार की गवंडी आत्ताच हत्यारं आवरून जेवायला गेलाय असं वाटावं. उंची सहज सात मजल्यांची. साधा माणूस तोंडात बोट घालील. टेपसाहेबांनी खिशात हात घातला.

हाताला येतील तेवढे खांब त्यांनी मोजले. जाडी जवळपास सारखी, बाजू सहा, रेघ सरळ. ते मागे सरकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे बांधलेलं आहे."

"अहो, ती पाटी वाचा की," सासरेबुवा म्हणाले. पाटीवर लिहिलं होतं, की लाव्हारस थंड होताना हे स्तंभ आपोआप तयार झाले आहेत.

"पाटी काय, कोणीही लावेल. मी आजवर जेवढी बांधकामं पकडली, तेवढ्या सगळ्या मालकांनी हेच सांगितलं. साहेब, हे पहिल्यापासून असंच आहे, आपोआप झालंय."

सासरेबुवा हसले. त्यांचं हसणं टपालाच्या शिक्क्यासारखं होतं, जिथे पडेल तिथे उमटायचं. "जावईबापू, बोलता झकास. पण बढतीच्या यादीत दर वेळी तुमच्या हाताखालच्याचं नाव का लागतं, ते आज कळलं. तुम्हाला दिसतं सगळं, कागदावर काही येत नाही."

हे चांगलंच झोंबलं. मुख्य निरीक्षकाची खुर्ची रिकामी होती, यादी लागायची होती, आणि या खेपेला नाव आलं नाही तर पुढच्या खेपेला टेपसाहेब घरी बसलेले असणार होते. सासरेबुवांना हे माहीत होतं. बायको म्हणाली, "बाबा, जाऊ द्या ना. तळं किती छान होतं." पण टेपसाहेबांच्या डोळ्यांसमोर आता तळंबिळं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अहवाल लिहिला. अज्ञात इसमाने उद्यानात दगडी, षट्कोनी खांबांचे, सुमारे सात मजली बांधकाम दारे, खिडक्या, जिना न ठेवता विनापरवाना केलेले आढळले. उद्यान आपल्या हद्दीत येतं का, हा प्रश्न होता. पण मागच्या साली हद्दवाढ झाली तेव्हा नकाशावर रेघ मारणाऱ्याचं पेन जाड होतं, आणि त्या जाडीत अर्धा डोंगर आला होता. मोठ्या साहेबांनी अहवाल पाहिला. म्हणजे पानं किती आहेत ते पाहिलं. त्या वर्षी खात्याची प्रकरणं कमी पडत होती, आणि इथे एकदम सात मजले मिळत होते. त्यांनी टेपसाहेबांच्या सहीशेजारी आपली सही ठोकली आणि म्हणाले, "असं काम हवं."

नोटीस कड्याला चिकटवायची तर झऱ्याच्या वाफेने डिंक धरेना. शेवटी दोरीने एका खांबाला बांधली. नोटिशीत डोंगराला म्हणणं मांडायला मुदत दिली होती. एक प्रत उद्यानाच्या कार्यालयात गेली, आणि तिथेच खरा घोळ झाला. तिथल्या कारकुनाने कडा रोज येताजाता पाहिलेला. पण नोटिशीवर 'अनधिकृत' हा शब्द वाचल्यावर शहाणा कारकून जे करील तेच त्याने केलं. 'सदर बांधकाम या कार्यालयाने केलेले नाही, सबब त्याच्याशी या कार्यालयाचा संबंध नाही,' असं लिहून तो मोकळा झाला. मालक नाही, म्हणणं नाही, मुदत संपली. नियमाप्रमाणे पुढची पायरी आपोआप आली, आणि ती तोडकामाची होती.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या काकूंनी जिन्यातच गाठलं. "मी म्हटलं, तुम्ही डोंगर पाडताय म्हणे. त्यातले चार खांब बाजूला काढून ठेवा हं, बाल्कनीत कुंड्या ठेवायला होतील. सारख्या उंचीचे बघा." खालच्या मजल्यावर एक वकील राहत. त्यांनी फुकट सल्ला दिला, की डोंगर कोर्टात गेला तर प्रकरण लांबेल. टेपसाहेबांची मान ताठ होती. घरी सासरेबुवा पेपर वाचायचं नाटक करत मधूनच जावयाकडे बघत. त्या बघण्यात थोडा आदर होता, आणि तो टेपसाहेबांना जेवणापेक्षा गोड लागत होता.

आणि मग दगडवाल्या बाई आल्या.

उद्यानात भूगर्भाचा अभ्यास करणाऱ्या या बाई. धरणीचे हादरे मोजणारं त्यांचं यंत्र कड्याच्या पायथ्याशी पत्र्याच्या पेटीत बसवलेलं होतं. त्या चिखलाच्या बुटांनिशी घरात शिरल्या आणि तोडकामाचा आदेश टेबलावर आपटला.

"ही सही कोणाची?"

"माझी," टेपसाहेब अभिमानाने म्हणाले.

"लाव्हा म्हणजे काय, माहीत आहे?"

"बाई, मला बांधकाम कळतं."

"मग चला. टेप घ्या."

सासरेबुवा न बोलावता चपला घालून तयार होते.

वाटेत बाईंनी सांगितलं ते साधं होतं. वितळलेला दगड डोंगरातून वाहत आला आणि खोलगट जागी साचला. तो वरून, खालून थंड होत गेला. थंड झाला की दगड आकसतो आणि आकसला की तडकतो. "तळं आटल्यावर तळचा चिखल तडकलेला पाहिलाय ना? तसंच. फक्त इथे तडे वरच थांबत नाहीत, थंडावा आत जाईल तसे ते खोल उतरत जातात. आणि मध्ये उरतात ते हे खांब."

"ऐकायला बरं वाटतं," टेपसाहेब म्हणाले.

"ऐकू नका. मोजा. पण या वेळी हाताला येतील तेवढेच नकोत." असं म्हणून बाईंनी त्यांना मागच्या पायवाटेने वर नेलं.

वर खांबांची डोकी फरशीसारखी पसरली होती. टेपसाहेब गुडघ्यांवर बसले आणि मोजू लागले. पहिल्याला सहा बाजू होत्या. शेजारच्यालाही सहाच. मग एकाला पाच भरल्या. त्यांनी परत मोजून पाहिल्या, पाचच. पलीकडच्याला सात. एकाला तर चारच, आणि त्याही कशातरी. टेपसाहेब सरकत सरकत पुढे गेले. पँटचे गुडघे फाटले तरी थांबेनात. मग ते उठले, काठावरून खाली वाकून पाहिलं, तर टोकाकडचे खांब चक्क वाकलेले, पंखा उघडावा तसे.

त्यांनी टेप गुंडाळली. मग हळूच म्हणाले, "कोणता कंत्राटदार चार मापांचे साचे करील हो? परवडायचंच नाही त्याला."

"म्हणजे?" सासरेबुवांनी विचारलं.

"म्हणजे हे कोणी बांधलेलं नाही."

टेपसाहेबांना लाज वाटली, आणि ती सासरेबुवांसमोर वाटली म्हणून दुप्पट वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेहून जास्त आनंद झाला होता. प्रत्येक सरळ रेघेमागे कोणीतरी लबाड दडलेला असतो असं धरून हा माणूस जन्मभर चालत आला होता, आणि आज त्याला लबाडाशिवायची सरळ रेघ भेटली होती. त्यांनी एका खांबाच्या डोक्यावर तळहात ठेवला. ऊन खाऊन दगड गरम झाला होता. हा पाडायचा आदेश आपण काढला, हे आठवलं तसा त्यांनी हात चटकन मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी ते मोठ्या साहेबांपुढे उभे राहिले. "साहेब, अहवाल चुकला. तो डोंगर आहे."

"अहवाल चुकत नसतो," मोठे साहेब म्हणाले.

"डोंगरच आहे साहेब. मी स्वतः मोजला."

"आधीही तुम्हीच मोजला होतात. आता मी कोणत्या तुमच्यावर विश्वास ठेवू?"

"माझी बढती गेली तरी चालेल. पण आदेश मागे घ्या."

"तुमची जाईल हो. माझी सही आहे खाली, तिचं काय?" मोठ्या साहेबांनी आवाज उतरवला. "हे बघा, माणूस चुकला म्हटलं की चौकशी बसते. चौकशी संपेपर्यंत तोडकाम थांबवता येत नाही, तशी तरतूदच नाही. ठेकेदाराला काम दिलं गेलंय. सोमवारी तोडकामाचं यंत्र येतंय."

ठेकेदार तर यंत्राला तेलपाणी करूनच बसला होता. तासलेला, मापातला, चकचकीत दगड फुकटात मिळत होता, आणि नवश्रीमंतांच्या बंगल्यांना दर्शनी भिंती लागतच असतात.

त्या संध्याकाळी टेपसाहेबांनी ताट तसंच बाजूला सारलं. सासरेबुवा चिडवतील म्हणून ते वाट बघत होते, पण सासरेबुवांनी नुसता ताकाचा वाडगा पुढे सरकवला. शेवटी बायकोच म्हणाली, "खालच्या वकिलांना विचारा की. नाहीतरी ते सल्ला द्यायला टपलेलेच असतात."

वकिलांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले, आणि उघडले ते उजळूनच. "बांधकाम नाही असं सिद्ध करायला जाल तर जन्म जाईल. उलट करा. बांधकाम आहे असं माना आणि कायदेशीर करून घ्या. अहो, तुमच्याच खात्याचा नियम आहे. ठरावीक सालाच्या आधीचं जे जे बांधकाम, ते आपोआप कायम. तुमचा डोंगर त्या सालाच्या आधीचा आहे ना?"

"थोडा," टेपसाहेब म्हणाले.

मग जी धावपळ झाली तिला तोड नाही. अर्जदार कोण, इथूनच खो बसला. उद्यान तर संबंध नाही म्हणून हात झटकून बसलं होतं. वकील म्हणाले, मालक नसेल तर भोगवटादार चालतो, म्हणजे प्रत्यक्ष जो वापरतो तो. बाईंचं यंत्र पायथ्याशी होतं, तेव्हा बाई डोंगराच्या भोगवटादार झाल्या. (त्यांना पुढे गरम पाण्याच्या झऱ्याची पाणीपट्टी येऊ लागली, पण ते नंतर.) बांधकाम पूर्ण झाल्याच्या रकान्यात बाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'सुमारे आठ लाख वर्षांपूर्वी, वीसेक हजार वर्षे इकडेतिकडे.' खिडकीवरचा कारकून म्हणाला, इकडेतिकडे चालत नाही, तारीख टाका. बाईंचा चेहरा लाल झाला. टेपसाहेबांनी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि साल तेच ठेवून महिना पहिला, तारीख पहिली असं भरून टाकलं. त्या दिवशी सुट्टी होती का, हे कारकुनाने विचारलं नाही, एवढीच कृपा.

आगीपासून सुरक्षिततेचा रकाना होता. 'आगीचा धोका आहे काय?' बाईंनी लिहिलं, 'होऊन गेली.' वाहनतळाच्या रकान्यात वकिलांनी विवराचं क्षेत्रफळ टाकलं. मलनिस्सारणात ओढा गेला. टेपसाहेबांनी जन्मभर ज्या लबाड्या पकडल्या होत्या, त्या सगळ्या एकेक करून त्यांना स्वतःच्या हाताने कराव्या लागत होत्या, आणि त्या आपल्याला इतक्या सफाईने जमतात याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

शेवटी एकच गोष्ट राहिली. नियमित झालेल्या बांधकामावर खात्याची पत्र्याची पाटी ठोकायची आणि तिच्यावर निरीक्षकाने सही करायची, की बांधकाम जागेवर जाऊन तपासले, पक्के आहे. पाटीवाचून यंत्र थांबणार नव्हतं. मोठ्या साहेबांनी पाटी दिली ती सोमवारी सकाळी.

टेपसाहेब रिक्षाने, मग पायवाटेने, मग चक्क पळत कड्यापाशी पोचले तेव्हा यंत्राचा दात पहिल्या खांबाला लागलेलाच होता. बाई यंत्रापुढे उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी काठी टेकून सासरेबुवा उभे होते. ते सकाळी फिरायला म्हणून घराबाहेर पडले होते.

"साहेब, ह्यांना बाजूला घ्या," ठेकेदार म्हणाला. "तुमचाच आदेश आहे."

"आदेश बदललाय," टेपसाहेब धापा टाकत म्हणाले.

"मग पाटी कुठाय?"

पाटी बगलेतच होती, सही तेवढी राहिली होती. टेपसाहेबांनी पेन काढलं आणि थांबले. आजवर त्यांनी हजारो नोटिशींवर सह्या केल्या होत्या, त्यातली एकही जाणूनबुजून खोटी नव्हती. हीच एक गोष्ट त्यांच्याकडे होती. खुर्ची नव्हती, बंगला नव्हता, पण सही खरी होती. हे कोणी बांधलेलं नाही हे आता त्यांना त्या ठिकाणी सगळ्यात पक्कं माहीत होतं, आणि ते वाचवायचं तर बांधलेलं आहे असं लिहून द्यायचं होतं.

"करा, जावईबापू," सासरेबुवा म्हणाले. "पोचायला आधीच उशीर झालाय."

त्यांनी सही केली. दोन खांबांमधल्या फटीत पाटी ठोकली. ठेकेदाराने ती वाचली, मान हलवली, यंत्र वळवलं आणि जाताजाता एवढंच म्हणाला, "माल चांगला होता."

बढतीच्या यादीत टेपसाहेबांचं नाव पहिलं लागलं. खात्याच्या इतिहासातलं सर्वांत जुनं बांधकाम नियमित केल्याबद्दल मोठ्या साहेबांनी भाषणही केलं. सासरेबुवांनी आपल्या सगळ्या जुन्या मित्रांना कळवलं. टेपसाहेब नव्या खुर्चीत बसले, पण खुर्ची टोचत होती. त्यांनी बाईंकडून पुस्तकं आणली. लाव्हा, राख, विवर, तडा, सगळं वाचून काढलं. जेवताना ते बायकोला लाव्हा सांगत, आणि बायको म्हणे, पेटलेला ज्वालामुखी बघायचा राहिला होता, तोही घरबसल्या झाला.

सुट्टीत ते तिघं पुन्हा उद्यानात गेले. या वेळी टेपसाहेबांनी कठड्याला हात लावला नाही. तळ्याकाठी बायकोजवळ मनसोक्त बसले. मग कड्याकडे गेले, तर तिथे ही गर्दी. लाव्हाची जुनी पाटी दिसेना. एकाच वस्तूवर दोन कार्यालयांच्या परस्परविरोधी पाट्या नकोत, म्हणून उद्यानाच्या कारकुनाने आपली उतरवली होती. टेपसाहेबांची मात्र ऊनपावसात चकाकत होती, आणि लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढत होते.

एक गृहस्थ आपल्या बायकोला सांगत होते, "बघ, याला म्हणतात काम. आताच्या गवंड्यांना जमेल का?"

टेपसाहेबांना राहवेना. "माफ करा, पण हे कोणी बांधलेलं नाही. हा लाव्हा आहे. तो थंड झाला, आकसला..." त्यांनी सगळं सांगितलं, चिखलाचं, तड्यांचं, वाकलेल्या खांबांचं. टेप काढून वरून गडगडून पडलेला एक पाच बाजूंचा खांबही मोजून दाखवला.

"पाचच आहेत की हो," गृहस्थ खांबाकडे बघत म्हणाले. "म्हणजे कंत्राटदाराने फसवलं बिचाऱ्यांना."

"अहो, कंत्राटदार नव्हताच."

"तुम्ही सांगणार की सरकार सांगणार?" गृहस्थांनी पाटीवर बोट ठेवलं. "इथे सही आहे. निरीक्षकाची आहे. जागेवर येऊन तपासलंय त्याने. तुम्ही कोण?"

टेपसाहेब टेप गुंडाळू लागले. पण सासरेबुवांना जावयाचा अपमान सहन झाला नाही. आयुष्यात पहिल्यांदा झाला नाही. ते काठी आपटत पुढे आले. "कोण म्हणजे? ही सही यांचीच आहे. मुख्य निरीक्षक आहेत ते."

गर्दी एकदम गोळा झाली. गृहस्थांनी टेप पाहिली, पाटी पाहिली, आणि टेपसाहेबांचा हात दोन्ही हातांत धरला. "माफ करा साहेब, ओळखलं नाही. मग तुम्हीच सांगा आता. खरं खरं सांगा. कोणी बांधलं हे?"

सगळे कान टवकारून थांबले. बायको बघत होती, सासरेबुवा छाती काढून उभे होते. टेपसाहेबांनी एकदा वर, कड्याच्या माथ्यापर्यंत पाहिलं.

"कोणी नाही," ते म्हणाले.

गृहस्थांनी आजूबाजूला बघितलं, जवळ सरकले आणि समजूतदारपणे आवाज खाली आणला.

"समजलं साहेब. नाव घेता येत नसणार."